एका पेटीत चार घरं

मी बोलतेय. इकडंतिकडं बघू नका, जरा वर बघा. फायलींच्या कपाटाशेजारी, भिंतीवरच्या काळ्या जाळीच्या चौकटीत एक चपटी पेटी दिसते ना, जिच्या अंगावर हिरवे दिवे लुकलुकतायत? ती मी. तुम्ही मला ओळखत नाही, याचं मला नवल नाही. माणसं मोबाईल ओळखतात, टीव्ही ओळखतात. त्यांच्या मागं राबणारीला कोण ओळखतं?

माझं नाव नेटवर्क स्विच. त्यातही मॅनेज्ड स्विच, म्हणजे सांगितलेलं ऐकणारी आणि ऐकलेलं लक्षात ठेवणारी. बाजारात माझ्या स्वस्तातल्या बहिणी मिळतात. तार खुपसली की लागतात कामाला, पण त्यांना काही शिकवता येत नाही. मला शिकवता येतं. ही बढाई नाही. आहे ते आहे, आणि आहे ते सांगायला मी लाजत नाही.

माझ्या अंगावर चोवीस भोकं आहेत. शिकलेली माणसं त्यांना पोर्ट म्हणतात. एकेका भोकात एकेक तार आणि तारेच्या त्या टोकाला एकेक यंत्र. ह्या यंत्रानं दिलेलं पाकीट त्या यंत्राला नेऊन द्यायचं, हा माझा धंदा. पाकिटावरचा पत्ता मी वाचते. आतला मजकूर वाचत नाही. अख्ख्या आयुष्यात एकदाही वाचला नाही. तुमच्यातल्या किती जणांना हे छातीवर हात ठेवून म्हणता येईल?

सात वर्षांपूर्वी मी नगरहून टेम्पोत बसून, ऑक्सिजनच्या नळकांड्यांच्या शेजारी अंग चोरून, इथं आले. पाथर्डीच्या पुढं, जिथनं दसरा उलटला की गावंच्या गावं ऊसतोडीला निघून जातात, त्या माळावरचा हा मिशनचा जुना दवाखाना. त्याचं नाव सांगणार नाही, गावाचंही नाही. माझ्या धंद्यात ते बसत नाही.

बसवायला आलेल्या माणसानं मला भिंतीवर ठोकलं, तारा कशाही खुपसल्या, दोन कप चहा प्याला आणि गेला. कारखान्यातनं निघताना माझी चोवीसही भोकं एकाच घरातली असतात. तशीच त्यानं ठेवली. रिसेप्शनचा कॉम्प्युटर, वॉर्डातली यंत्रं, रेकॉर्डरूममधली रजिस्टरं आणि बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांचे मोबाईल, सगळे एकाच पडवीत. मला शिकवायला कुणी नव्हतं आणि मी आपण होऊन शहाणपणा करणारी नव्हे. चार वर्षं मी तशीच चालले.

मग मला कृपा भेटली.

कृपा भांबळ ही रेकॉर्ड सांभाळणारी बाई. वय पंचेचाळीसच्या आसपास, शिक्षण बारावी. माझ्याच खालच्या टेबलाशी बसायची. एक दिवस बाकावरच्या कुणा पाहुण्यानं मोबाईल पुढं केला आणि सहज विचारलं, "ताई, हे 'रेकॉर्ड' नावाचं काय दिसतंय माझ्या फोनात?" त्यानं ते उघडलं नव्हतं. पण कृपाच्या हातातला पेन खाली पडला, तो मी बघितला.

त्या दिवसापासनं बाई माझ्या मागं लागली. माझ्यासोबत आलेलं पुस्तक इंग्रजीत होतं. तिनं शब्दकोश शेजारी ठेवला. मोबाईलवर कुठल्याकुठल्या परदेशी लोकांचे व्हिडिओ लावले, थांबवले, परत लावले. पहिल्याच प्रयत्नात तिनं आपण बसलेल्या भोकाचंच घर बदललं आणि स्वतःच बाहेर कोंडली गेली. "अगं बया, आता आत कशी येऊ?" म्हणून माझ्याकडं बघत उभी. शेवटी केसातली पिन काढून माझं मागचं बारीक बटण दाबलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. असं तीनदा झालं. चौथ्यांदा जमलं.

तिनं माझ्या चोवीस भोकांची चार घरं केली. दहा नंबरचं घर रिसेप्शन आणि कचेरीचं, वीस नंबरचं रजिस्टरांचं, तीस नंबरचं वॉर्डातल्या यंत्रांचं आणि चाळीस नंबरचं आल्यागेल्या पाहुण्यांचं. याला व्हीलॅन म्हणतात. पेटी एक, पण आत चार घरं, आणि ह्या घरातलं पाकीट त्या घरात जात नाही. भिंतीला विटा लागत नाहीत, माती लागत नाही. मी फक्त लक्षात ठेवते, कुठलं भोक कुठल्या घरचं. नव्या इमारतीकडं माझ्याकडनं एकच तार जाते. तिच्यातनं चारही घरांची पाकिटं जातात, तेव्हा मी प्रत्येकावर त्याच्या घराचा आकडा चिकटवते. तिकडं बसलेली माझी धाकटी बहीण तो आकडा बघून ज्याचं त्याला देते. आजवर एक पाकीट चुकलेलं नाही.

आणखी एक सांगून ठेवते, कारण पुढं त्यावरच सगळं गेलं. मला दोन आठवणी असतात. एक चालू आठवण आणि एक पक्की आठवण. मला काही नवं सांगितलं की ते चालू आठवणीत जातं. नंतर 'जतन कर' असं सांगितलं तरच ते पक्कं होतं. जतन न करता माझी वीज गेली, तर मी ते नवं विसरते आणि पक्क्या आठवणीतलं जुनं घेऊन उठते. कृपानं चार घरं जतन केली होती. आणि माझ्या शेजारी एक कागदही चिकटवला होता: कुठलं घर कुणाचं. वीस नंबरापुढं तिनं लाल पेनानं लिहिलं होतं, 'इतरांना मज्जाव'.

वीस नंबरात काय होतं, ते तुम्हाला सांगायला हरकत नाही. नावं सांगत नाही म्हणजे झालं. एकाच माणसाचं नाव सांगणार आहे. ते आता गावालाच ठाऊक आहे, आणि तिनं स्वतः ते लपवायचं सोडलंय.

तिचं नाव सविता. शेजारच्या गावची. नवरा ऊसतोडीला जायचा, तीन वर्षांपूर्वी वारला. त्याच्यामागं हिच्या रक्तात एचआयव्ही निघाला, आणि तिचं नाव वीस नंबरातल्या, तसल्याच दुखण्याच्या माणसांच्या रजिस्टरात आलं. दर महिन्याला ती मागच्या दारानं ह्याच खोलीत यायची, कृपाकडून गोळ्यांचा डबा घ्यायची, पिशवीत कोथिंबिरीखाली ठेवायची आणि जायची. सासूला सांगितलं होतं, रक्तवाढीच्या गोळ्या आहेत. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ती पोरांची खिचडी शिजवायची. पंच्याऐंशी पोरं. डॉक्टरांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की हातच्या अन्नातनं हे पसरत नाही, बिनधास्त शिजव. डॉक्टरांना ठाऊक होतं, सविताला ठाऊक होतं. गावाला ठाऊक नव्हतं.

"ताई, हे बाहेर पडलं तर माझी चूल शाळेतनं उठल," ती कृपाला म्हणायची. "पैशाचं न्हाई म्हनत मी. मजुरी कुटं बी भेटल. पन ती पोरं वाढ म्हनत्यात ना ताटली पुढं करून, तेवढंच माझं हाय."

कृपा वर माझ्याकडं बोट करायची. "ती बघ. ती आहे तोवर काळजी करू नको."

मला ते बोट आठवतं. त्या बोटाचा मला अभिमान वाटायचा, आणि तोच पुढं नडला.

आता बिभीषण. तो रिसेप्शनला बसायचा. नाकासमोर चालणारा माणूस, पण मनाला लावून घेणारा. सविताच्याच गावचा. त्याचा छापखाना, म्हणजे प्रिंटर, सदा बिघडलेला. चांगला प्रिंटर रेकॉर्डरूममध्ये, वीस नंबरच्या घरात. बिभीषणच्या कॉम्प्युटरला तो दिसायचा नाही, मी दिसूच देत नव्हते. एकेका कागदासाठी त्याला भर उन्हात नव्या इमारतीतल्या दुसऱ्या प्रिंटरपर्यंत जावं लागायचं. दोन वर्षं तो हे गिळत होता.

उपकारस्तुतीच्या सणाची, म्हणजे पिकापाण्याबद्दल देवाचे आभार मानायच्या चर्चच्या सणाची, तयारी चालली होती. दवाखान्याच्या कमिटीचे अध्यक्ष दानीएल सर तपासणीला आले. निवृत्त शिक्षक, वय चौऱ्याहत्तर, पांढरा शुभ्र सदरा, पाठ अजून ताठ. त्यांनी माझ्या शेजारचा कागद वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

"कृपा, हे काय लिहिलंस? 'इतरांना मज्जाव'? ह्या दवाखान्याच्या भिंतीवर हा शब्द?"

"सर, तो यंत्रांना लिहिलाय. माणसांना नाही."

"यंत्रापुढं माणूसच बसतो ना?"

दारात बिभीषण उभा होता. त्याला एवढंच हवं होतं. "सर, आता विषय निघाला म्हनून बोलतो. मी आठ वर्सं हितं हाय. नाताळच्या जेवनाला तुमच्या पंगतीत बसतो, तुमच्या घरच्या लग्नात वाढतो. पन माझा कॉम्प्युटर मातर भाईरचा. ताईंच्या घरातलं मला दिसाया न्हाई पायजे. का? मी तुमच्यातला न्हाई म्हनून?"

"असं काय बोलतोस रे बिभीषण!" कृपा म्हणाली. "प्रिंटर पाहिजे तर मी दोन्ही घरांना लावून देते. कसं करायचं ते शिकते. दोन दिवस दे मला."

"दोन वर्सं झाली ताई."

दानीएल सर खुर्चीत बसले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "माझी आजी गावाच्या विहिरीवर घागर घेऊन उभी राहायची. स्वतः पाणी काढायचं नाही. कुणीतरी वरून ओतेल म्हणून वाट बघायची. उन्हात. तास तास. ह्या दवाखान्यात पहिल्यांदा तिनं स्वतःच्या हातानं पेला भरला. सगळ्यांना एक माठ, एक पेला, त्यावर ही जागा उभी राहिली. आणि आज इथं आपणच कुणाला तरी बाहेर उभं करतोय? प्रिंटरची गोष्ट नाही ही, कृपा."

खोटं सांगत नाही, मलाही क्षणभर माझ्या भिंतींची लाज वाटली.

"काय आहे त्या वीस नंबरात?" सरांनी विचारलं.

कृपानं बिभीषणकडं बघितलं. त्याच्यादेखत काय सांगणार? "रजिस्टर आहे सर. नाजूक आहे."

"मग त्याला कुलूप लाव. पासवर्ड का काय म्हणता ते. घर कशाला तोडतेस?"

दुसऱ्या दिवशी कमिटीचा ठराव आला: सर्व विभाग एकाच जोडणीत आणावेत. डॉक्टर नगरला गेलेले होते. ठरावावर सही करायला ते नव्हते, आणि थांबायला कुणाला वेळ नव्हता.

कृपा माझ्यापुढं बसली. ओठ घट्ट मिटलेले. तिनं एकेक भोक करत चोवीसही भोकं पुन्हा एका घरात आणली. पण शेवटचं 'जतन कर' काही तिनं म्हटलं नाही. माझ्याकडं बघून पुटपुटली, "इथं रोज लाईट जाते. उद्या गेली की तू आपोआप जुनी होशील. मी काही केलं नाही, लाईट गेली."

चलाखी होती. मला आवडलीही. पण माझ्या लाडक्या बाईचं चुकलं ते मी झाकणार नाही. सरांनी सांगितलेलं कुलूप तिनं लावलं नाही. लावायला दोन मिनिटं लागली असती. राग होता तिला. ज्यांनी माझी भिंत पाडली त्यांचं कुलूप मी का लावू, असा राग. आणि भिंत उद्या परत येणारच होती ना!

आली नाही. सणाच्या निमित्तानं दवाखान्याला नवा इन्व्हर्टर मिळाला होता, आणि त्याच आठवड्यात तो जोडला. गावात लाईट जायची, यायची. मला कळायचंही नाही. नऊ दिवस माझी वीज क्षणभरसुद्धा गेली नाही. नऊ दिवस मी उघडी होते. सणाची धावपळ होती, कृपा फळांच्या टोपल्यांत आणि पाहुण्यांत अडकली होती, आणि मी ओरडू शकत नव्हते. आम्हाला तोंड दिलेलं नाही. नुसते दिवे दिलेत, आणि ते सगळं ठीक असलं तरी लुकलुकतात आणि नसलं तरी लुकलुकतात.

दहाव्या दिवशी सकाळी बिभीषण ह्या खोलीत आला. तोंड पांढरंफटक.

"ताई, सवितेचं खरं हाय का?"

कृपा फायल लावत होती. "कोण सविता?"

"आमच्या गावची. शाळंत खिचडी करती ती. परवा प्रिंटर हुडकाया गेलो तर यादीत तुमचं ते रजिस्टर दिसलं. मी काय चोरी करायला गेलो न्हवतो. दिसलं, उघडलं. पयल्याच पानावर आमच्या गावाचं नाव." त्याचा आवाज फाटला. "माझी पोरगी तिसरीत हाय, ताई! रोज तिच्या हातचं खाती. तुमाला ठावं हुतं आन तुमी मला सांगितलं न्हाई!"

कृपा उठली. स्टुलावर चढली आणि माझी विजेची पिनच उपटली.

अंधार. मग पुन्हा उजेड. मी उठले ती पक्की आठवण घेऊन, चार घरं घेऊन. दीड मिनिट लागलं. वीस नंबरच्या घराला मी अशी मिठी मारली की विचारू नका. पण आतलं एक माणूस निघून गेलं होतं, हे मला कळत होतं.

"कुणाला सांगितलंस, बिभीषण?"

"कुनाला न्हाई. घरी तेवढं."

"घरी म्हणजे?"

"बायकोला. परवाच. पोरीला उद्यापास्नं डबा दे म्हनलं. का म्हनली. मग सांगावं लागलं."

"अरे, अन्नातनं होत नाही ते! आठ वर्षं दवाखान्यात बसतोस तू!"

"मला ठावं हाय," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या पोराचं असतं तर मीच सांगितलं असतं की हुत न्हाई म्हनून. सोताच्या पोरीपुढं डोकं चालत न्हाई, ताई." आणि तो दारातल्या पायरीवर बसला. मी त्याच्यावर चिडले होते. त्याला तसा बसलेला बघून माझी चीड ओसरली.

आठवड्यानं सविता आली. ह्या वेळी मागच्या दारानं नाही, पुढनं, सगळ्यांच्या देखत. रिसेप्शनवर बिभीषणनं मान वर केली नाही, असं ती म्हणाली. दानीएल सर तेव्हा ह्याच खोलीत बसले होते. कृपानं त्यांना सगळं सांगितलं होतं, स्वतःच्या रागासकट आणि न लावलेल्या कुलपासकट.

"ताई, पंच्याऐंशी पोरांची शिजवली," सविता उभ्यानंच बोलली. "सोमवारी साठ डबं आलं घरनं. मंगळवारी ऐंशी. काल पातेलं तसंच्या तसं. गुरुजी म्हनले, बाई, तुमाला कुनी काढलेलं न्हाई, तुमी या. मी म्हनलं, कुनासाठी येऊ? पातेल्यासाठी?"

"बस गं," कृपा म्हणाली. तिला रडू आवरेना. "माझं चुकलं. मी तुला त्या पेटीकडं बोट करून सांगितलं होतं."

"रडू नका. घरी गेल्ते, आत्याबाईंस्नी सांगून टाकलं, म्हनलं गावाकडनं कळन्यापरीस. तर त्या काय म्हनाल्या ठावं हाय? म्हनल्या, मला तीन वर्सं ठावं हाय. माझा ल्योक कशानं गेला ते मला कळत न्हाई व्हय?" सविता पहिल्यांदाच खाली बसली. "तीन वर्सं माझ्या हातचं जेवली म्हातारी. शब्द न्हाई काढला."

मग दानीएल सरांनी विचारलं, "बाई, उद्या खिचडी किती वाजता असते?"

सवितानं त्यांच्याकडं बघितलं. "कशाला सर?"

"मी जेवायला येणार आहे."

"तुमी कशाला सर तकलीफ घेता?"

"तुमची भिंत मी पाडली," सर म्हणाले. "मला वाटलं, भिंत तेवढी वाईटच. माझ्या आजीला बाहेर ठेवणारी आणि तुम्हाला आत सांभाळणारी, दोन्ही मला एकच दिसली. एवढं शिकवलं आयुष्यभर, आणि हे दिसलं नाही. आता जी भिंत पाडायला पाहिजे ती तुमच्या शाळेच्या ओट्यावर उभी राहिलीय. तिथं येतो मी."

सवितानं पदर सावरला. मग म्हणाली, "तिखट असती बरं का, सर. पोरं तिखटच मागत्यात."

आणि म्हातारा गेला. रोज गेला. एका ओळखीच्या माणसाच्या मोटारसायकलवर मागं बसून, सदऱ्याच्या खिशात स्वतःचा चमचा घेऊन. पहिल्या दिवशी ओट्यावर तो एकटाच, आणि समोर पंच्याऐंशी पोरं आपापले डबे उघडून त्याच्याकडं बघतायत. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बाई त्याच्याशेजारी बसल्या. डॉक्टर आले, पालकांशी बोलले, स्वतः ताटली घेऊन बसले. काही आयांनी ऐकलं. काहींनी पोरांची नावं काढून दुसऱ्या शाळेत घातली. मी तुम्हाला सगळं गोड झालं असं सांगणार नाही. झालं नाही. आज तिसरा महिना आहे आणि खिचडी खाणारी पोरं एकतीस आहेत.

त्या एकतिसांत एक बिभीषणची पोरगी. हे सविता सांगताना हसत होती. "घरनं डबा आनती, गुपचूप कुत्र्याला घालती आन ताटली घिऊन माझ्यापुढं. म्हनती, बापूला सांगू नका. मी म्हनलं, मी कुनाचं कायबी सांगत न्हाई, माय."

कमिटीनं चार घरं परत करायचा ठराव केला. तो दानीएल सरांनी स्वतःच्या हातानं लिहिला. घरं तर केव्हाच परत झाली होती, पण कागद लागतो. कृपानं 'जतन कर' म्हटलं, दोनदा म्हटलं. वीस नंबराच्या रजिस्टराला आता कुलूपही आहे, भिंत असली तरी. बिभीषणला प्रिंटर मिळाला, त्याच्याच घरात, नवा. कृपा ते कसं करायचं ते शिकली, पण प्रिंटर नवाच आला, मग शिकलेलं तसंच राहिलं. तो माणूस आता मान खाली घालून कागद काढतो. कधीतरी ह्या खोलीच्या दारापर्यंत येतो, आत येत नाही. त्याला कुणी मज्जाव केलेला नाही.

परवा सविता गोळ्या न्यायला आली तेव्हा कृपानं तिला विचारलं, "तुझं नाव ह्या रजिस्टरातनं काढून साध्यात घालू का? आता लपवायचं राहिलंय काय?"

"माझं गेलं ते गेलं," सविता म्हणाली. "माझ्यासंगं त्यात अजून किती जणं हायत?"

"त्रेचाळीस."

"मग मला बी राहू दे त्यांच्यात. चव्वेचाळीसावी मी. त्यांचं जाऊ देऊ नका, ताई. प्रत्येकाला असा म्हातारा गावत न्हाई, आन प्रत्येकाची सासू माझ्या सासूसारखी नसती."

माझं आता वय झालंय. पंखा घरघरतो. सात नंबरचं भोक मेलंय, अकरा नंबरचं धाप टाकतं. उन्हाळ्यात अंग इतकं तापतं की कृपा जाळीचं दार उघडून टेबलावरचा पंखा माझ्याकडं वळवते आणि स्वतः घामात बसते. नवी पेटी मागवलीय म्हणतात. येऊ दे. मला त्याचं दुःख नाही. राबलेल्यानं उतरावं, नव्यानं चढावं. मला भंगारात टाका, विका, काय करायचं ते करा. फक्त त्याआधी माझी पक्की आठवण पुसून टाका. कुणाच्या हातात पडेन ते मला ठाऊक नाही.

आणि एक. नवी येईल तेव्हा कृपा घाईत असेल, कुणीतरी दारात उभं राहून लवकर करा म्हणत असेल. तरी माझी पिन आधी काढू नका. तिला शेजारी ठेवा, चालू करा, पहिल्यांदा वीस नंबरचं घर शिकवा, जतन करा, शिकली का ते बघा. मग मला उतरवा. मध्ये एक मिनिटसुद्धा ते घर उघडं राहायला नको. आत चव्वेचाळीस माणसं आहेत.